शेजारी बांधकाम सुरू आहे. बेडरूमसाठी एअर प्युरिफायर नेमका किती क्षमतेचा घ्यावा?

निशिगंध
नमस्कार मंडळी. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. शेजारच्या प्लॉटवर मोठं बांधकाम सुरू झालंय, अजून दोन वर्षं तरी चालेल. सासूबाईंना दमा आहे. औषधं, इनहेलर डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेतच. त्यांच्या खोलीतली हवा जमेल तितकी स्वच्छ ठेवायची आहे.

खोली ११ बाय १२ फूट, उंची साडेनऊ फूट. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, स्प्लिट एसी, जोडून बाथरूम. हवेतले अतिबारीक कण, म्हणजे पीएम २.५, दाखवणारा छोटा मीटर आणलाय. हिवाळ्यात सकाळी सातला खोलीत ८० ते ९०, दुपारी ४०-४५. संध्याकाळी धूप आणि फोडणी एकाच वेळी झाली की हॉलमध्ये ३०० च्या वर. किचन ओपन आहे, चिमणी आहे पण तिला बाहेर जाणारा पाइप नाही. रात्री डासांसाठी कॉइल लावतो.

दुकानात सांगितलं की अमुक मॉडेल ४०० चौरस फुटांना पुरतं, म्हणजे आमच्या खोलीला तिप्पट झालं. हे खरं धरायचं का? एच १३ दर्जा, आयोनायझर, कार्बन, धुता येणारा हेपा फिल्टर यातलं काय बघायचं? आणि रात्रभर खिडकी बंद ठेवली तर कोंडल्यासारखं होणार नाही का?

हवाहिशेब
आधी मीटरचं एकक तपासा. काही मीटर मायक्रोग्रॅम दाखवतात, काही एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक), आणि दोन्हींची गल्लत सर्रास होते. भारतीय एक्यूआयमध्ये पीएम २.५ घनमीटरला ९० मायक्रोग्रॅम असेल तर आकडा २०० येतो. पुढे मी सगळीकडे मायक्रोग्रॅमच धरतो. आपल्याकडचं २४ तासांचं मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेलं १५. दम्याच्या रुग्णाच्या खोलीत १५ च्या आसपास राहायचा प्रयत्न करा, बंद खोलीत ते जमतं.

चौरस फुटांचा आकडा सोडून द्या. मशीनच्या डब्यावर सीएडीआर शोधा, म्हणजे दर तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करून मिळते. तुमच्या खोलीत साधारण ३५.५ घनमीटर हवा आहे. तासाला पाच वेळा गाळायची तर १७८ घनमीटर लागतील. सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) आकडा दिला असेल तर १.७ ने गुणा. आता दुकानदाराचं गणित बघा: २५० सीएडीआरचं मशीन ४०० चौरस फुटांत, तुमच्याच उंचीच्या छताखाली ठेवलं तर तासाला जेमतेम सव्वादोन वेळा हवा गाळली जाते. 'पुरतं' म्हणजे इतकंच.

दुसरं, सीएडीआर दिलेला असतो तो सर्वांत वरच्या वेगाचा. त्या आवाजात वयस्कर माणसाला झोप लागत नाही, मग कोणीतरी उठून स्लीप मोड लावतं आणि क्षमता पाव हिश्शावर येते. मोठ्या मशीनच्या तक्रारी ऐकल्या तर बहुतेक वेळा मूळ इथे सापडतं. म्हणून ३०० ते ३५० सीएडीआरचं घ्या आणि मधल्या वेगावर चोवीस तास चालू ठेवा. मधल्या वेगावर १७८ च्या आसपास मिळाले की काम झालं. ५० वॉट धरले तरी दिवसाला १.२ युनिट. 'ऑटो'वर ठेवू नका. मशीनचा सेन्सर त्याच्या स्वतःच्या स्वच्छ हवेजवळ असतो, त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पलंगाच्या उशाशी काय आहे ते त्याला कळत नाही.

आता खरा मुद्दा, जो मशीनच्या जाहिरातीत कधीच नसतो. बाहेर १०० आहे असं धरा. खिडकी बंद, पण फटींतून तासाला एकदा खोलीभर हवा आत येते. सरकत्या खिडक्यांत एवढी गळती सहज असते. मशीन नसेल तर थोडे कण आपोआप खाली बसून आत साधारण ७७ राहतील. पाच वेळा गाळणारं मशीन लावलं तर १६. त्याच मशीनसमोर खिडकी अर्धी उघडी ठेवली आणि तासाला दहा वेळा हवा यायला लागली तर ६५! म्हणजे मशीन असून नसल्यासारखं.

आणि उलट बाजूने: तेच मशीन ठेवून फटी निम्म्या केल्या तर १६ चे ९ होतात. फटी तशाच ठेवून ९ हवे असतील तर दुप्पट क्षमतेचं मशीन लागेल. आकडे ठोकळ आहेत, पण प्रमाण असंच राहतं. खिडकीच्या केसाळ पट्टीला लागणारे शे-दोनशे रुपये हे दुसरं मशीन घेण्याइतकं काम करतात.

सरकत्या खिडकीत फटी कुठे असतात? काचेच्या चौकटीच्या कडेला केसांसारखी बारीक ब्रशपट्टी असते. पाच-सात वर्षांत ती झिजून चपटी होते. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडे ती मीटरवर मिळते; जुनी खाचेतून ओढून काढायची, नवी सरकवायची, जाडी जुन्या खाचेवरून मोजून घ्यायची. दोन काचा मधोमध जिथे एकमेकींवर येतात तिथली पट्टी विसरू नका, सर्वांत मोठी फट तिथेच असते. खालच्या पट्टीत पावसाचं पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. ती कायमची बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत येईल. हिवाळ्यापुरता फोमचा तुकडा खोचा आणि मे अखेर काढा. एसीचा पाइप भिंतीतून जातो तिथल्या भोकात पुट्टी भरा. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा.

फटी शोधायला उदबत्ती नको, तिच्या धुराने मीटरचा आकडा चढतो. वारा असलेल्या दिवशी टिश्यू पेपरची अरुंद पट्टी फटीसमोर धरा. जिथे हलेल तिथे गळती.

गाळणीघर
वरचं सगळं पटलं. फिल्टरबद्दल लिहितो.

हेपाबद्दल लोकांना वाटतं की ती चाळणी आहे, कण भोकापेक्षा मोठा असला की अडकतो. तसं नाही. तंतूंच्या जाळ्यातून हवा वळणं घेत जाते; मोठे कण वळू शकत नाहीत म्हणून तंतूवर आपटतात, अगदी बारीक कण सैरावैरा भरकटत तंतूला चिकटतात. सर्वांत निसटणारा आकार मधला, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा. म्हणून परीक्षा त्या आकारावर घेतात. एच १३ म्हणजे तिथेही ९९.९५ टक्के पकड. पण घरात हीच हवा तासाला पाच वेळा फिल्टरमधून जाते, त्यामुळे पकड ९५ टक्के असो की ९९.९५, खोलीतल्या आकड्यात फरक नगण्य पडतो. फरक पाडते ती हवेची मात्रा. एच १३ साठी जास्त पैसे देऊन सीएडीआर कमी घेणं हा उलटा सौदा आहे.

मात्र फिल्टर मशीनमध्ये नीट बसलेला हवा. त्याच्या कडेला फोमची किंवा रबराची पट्टी असते. दोन-तीन महिन्यांनी फिल्टर बाहेर काढून स्वच्छ हवेच्या बाजूची कड उजेडात बघा. घड्या पांढऱ्या आणि कडेला करड्या रंगाची रेघ उमटलेली असेल तर हवा फिल्टरला बगल देऊन जातेय. पट्टी एका बाजूला दबलेली असते किंवा स्वस्तातला 'कंपॅटिबल' फिल्टर दोन-तीन मिलिमीटर लहान असतो. दाराच्या फटीला लावतात ती पातळ फोमटेप कडेने लावली की रेघ थांबते.

नव्या मशीनमधला फिल्टर आधी बाहेर काढून बघा. तो बऱ्याचदा प्लास्टिकच्या पिशवीत बंद असतो आणि पिशवीसकट महिनोन्महिने मशीन चालवल्याची उदाहरणं ढिगाने आहेत.

हेपा धुऊ नका. काचेच्या तंतूंचा असेल तर घड्या चिकटतात. कृत्रिम तंतूंचा असेल तर त्यावर स्थिर विद्युतभार दिलेला असतो, अर्धी पकड त्याच्यामुळे असते. पाणी किंवा स्पिरिट लागलं की तो जातो. वाळल्यावर फिल्टर दिसायला नवा दिसतो आणि धूर आरपार सोडतो. 'धुता येणारा हेपा' म्हणून जे विकतात त्याला पीएम २.५ साठी पैसे देऊ नका. धुवायची ती बाहेरची जाळी. बांधकामाशेजारी दर आठवड्याला धुवा, पूर्ण वाळवून बसवा. सिमेंटची जाड धूळ तिथेच अडली तर आतला फिल्टर दुप्पट टिकतो.

फिल्टर संपतो म्हणजे पकड सुटते असं नाही. तो तुंबतो, हवा कमी जाते, आवाज तोच राहतो. त्यामुळे कळत नाही. मशीनवरचा लाल दिवा बहुतेक वेळा नुसते तास मोजतो, फिल्टरची स्थिती नाही.

कार्बन: वास आणि वायूंसाठी. त्याचं वजन विचारा. काळी पावडर शिंपडलेली पातळ जाळी काही आठवड्यांत भरून जाते. दाणेदार कार्बन अर्धा किलो वगैरे असेल तर उपयोग, आणि तोही दमट हवेत लवकर थकतो कारण पाण्याची वाफ जागा अडवते. तुमचा प्रश्न धुळीचा आणि धुराचा आहे, कार्बनसाठी बजेट ताणू नका.

आयोनायझर, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडणारा भाग, बंद करता येतो असंच मॉडेल घ्या आणि बंदच ठेवा. त्यातून ओझोन निघू शकतो आणि ओझोन दम्याला थेट त्रास देतो. ओझोन सोडून हवा 'ताजी' करणारी यंत्रं तर माणसं राहतात त्या खोलीत लावूच नयेत.

चूलभानस
मशीन घ्यायच्या आधी कॉइल बंद करा, आज रात्रीपासून. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळून निघणारे पीएम २.५ हे ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातल्या इतके भरले होते. दम्याच्या खोलीत ही गोष्ट कुठलंही मशीन भरून काढणार नाही. खिडकीला जाळी, पलंगावर मच्छरदाणी. द्रव रिफिलच्या मशीनमधून धूर नाही येत, पण कीटकनाशक येतंच, त्यामुळे मच्छरदाणी हाच बरा उपाय.

धूप म्हणजे न पेटता धुमसणारा जिन्नस, म्हणून धूर भरपूर. सासूबाईंना पूजेत खंड नको असेल तर निरांजन आणि फुलं राहू द्या, धूप आणि उदबत्ती बाल्कनीत किंवा तुळशीपाशी लावून दार ओढून घ्या. वात बारीक करा आणि दिवा फुंकून न विझवता झाकणाने विझवा. फुंकल्यावर वातीतून जो पांढरा धूर निघतो तो दिवा जळताना निघालेल्या धुराहून जास्त दिसतो.

आता चिमणी. पाइप नसलेली चिमणी जाळीतून तेल अडवते आणि धूर कार्बनच्या पातळ थरातून पुन्हा घरात सोडते. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड तर तसाच परततो, आणि तो दम्याला वाईट. ६ इंची पाइप टाकून बाहेर काढा. जमेल तितका सरळ, वळणं दोनच्या वर नकोत, ॲल्युमिनियमचा घडीचा पाइप पूर्ण ताणून लावा. घड्या सैल राहिल्या तर तिथे तेल साचतं आणि ओढ निम्मी होते. बाहेरच्या तोंडाला वाऱ्याने मिटणारी झडप लावा. फोडणीच्या दोन मिनिटं आधी चिमणी सुरू करा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू राहू द्या. मागच्या शेगडीवर फोडणी केली तर पुढच्यापेक्षा धूर जास्त खेचला जातो.

यात एक गफलत होते. चिमणी बाहेर फेकते तितकीच हवा कुठून तरी आत यावी लागते. किचनची खिडकी बंद असेल तर ती हवा सासूबाईंच्या खोलीच्या फटींतून, म्हणजे बांधकामाच्या बाजूने खेचली जाते. म्हणून स्वयंपाकाच्या वेळी किचनचीच खिडकी वीतभर उघडी आणि बेडरूमचं दार बंद.

प्युरिफायर किचनमध्ये ठेवू नका. तेलाच्या वाफेने फिल्टर आठ-दहा दिवसांत पिवळा, चिकट होतो आणि नंतर तोच वास सोडतो.

केर झाडूने काढण्याऐवजी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, बांधकाम चालू असेपर्यंत कोरडा झाडू त्या खोलीत नकोच.

निशिगंध
खूपच उपयोगी. कॉइल आजच टाकून देते. दोन शंका राहिल्या. एक, इतकं सगळं बंद केल्यावर श्वास घ्यायला हवा कुठून? मीटरवर 'सीओ २' (कार्बन डायऑक्साइड) चा आकडाही येतो, तो ४०० च दाखवतो. दुसरी, बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, त्याने काही फरक पडतो का?

हवाहिशेब
गीझरचं आधी, कारण ते जिवाशी आहे. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर त्या बाथरूमची कुठलीही फट, झरोका, दाराखालची जागा बंद करू नका. हवा कमी पडली की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि एकही घरगुती फिल्टर त्याला अडवत नाही. गीझर बाल्कनीत हलवा किंवा विजेचा घ्या. तोपर्यंत पाणी बादलीत भरून, गीझर बंद करून, मगच आंघोळ. या खोलीच्या फटी बुजवायच्या आहेत, म्हणून गीझर हलवल्याशिवाय बाकीच्या कामाला हात लावू नका.

कार्बन डायऑक्साइड: प्युरिफायर तो काढत नाही. तुमच्या मीटरवरचा आकडा बहुधा वासाच्या सेन्सरवरून काढलेला अंदाज आहे; खरा सेन्सर बंद खोलीत रात्रभर ४०० वर राहूच शकत नाही, कारण बाहेरच ४२० च्या आसपास असतो. झोपलेली दोन माणसं मिळून तासाला साधारण २६ लिटर वायू सोडतात. तुमच्या खोलीत तासाला अर्धी हवा बदलत असेल तर पहाटेपर्यंत आकडा १८०० ते १९०० पीपीएमकडे (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) जाईल. एकदा पूर्ण बदलत असेल तर साडेअकराशेच्या आसपास. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो, हेही लक्षात ठेवा.

दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग: बाहेरची हवा जेव्हा बरी असेल तेव्हा खिडकी उघडायची. हिवाळ्यात रात्री आणि सकाळी थंड हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूर-धूळ वर जात नाही, तुमचे सकाळचे ८०-९० त्याचेच. ऊन वर आलं की तो थर मोडतो. पण दुपारी शेजारी फरशी कापत असतील तर घड्याळापेक्षा मीटरवर विश्वास ठेवा. झोपायच्या आधी दहा मिनिटं समोरासमोरची दारं-खिडक्या उघडून मग बंद करा. रात्री बेडरूमचं दार किंचित उघडं राहिलं तर हॉलची हवाही कामी येते, मात्र हॉलमधला संध्याकाळचा धूर तोवर गेलेला हवा. बाथरूमचा एक्झॉस्ट रात्रभर चालू ठेवू नका, तो खिडकीच्या फटींतून बाहेरची धूळ ओढतो.

दुसरा मार्ग मेहनतीचा पण सर्वांत चांगला. खिडकीच्या एका भागात काचेऐवजी प्लायवूड बसवा, त्याला ४ इंची नळीतला पंखा लावा आणि बाहेरची हवा फिल्टरमधून आत ढकला. प्रत्यक्षात तासाला ६० घनमीटर आले तर दोन माणसांच्या खोलीत कार्बन डायऑक्साइडचा आकडा ८५० च्या आसपास राहतो. हवा आत ढकलली जात असल्यामुळे फटींतून वारा बाहेरच्या दिशेने वाहतो, धूळ आत यायचा रस्ताच उरत नाही. फिल्टर एफ ७ दर्जाचा (बारीक धूळ पकडणारा), आकाराने मोठा, निदान फूटभर बाय फूटभर. पंख्याच्या तोंडाएवढा लावला तर पंखा गुदमरतो. त्याच्या आधी धुता येणारी जाळी.

पुठ्ठाकाम
हॉलसाठी दुसरं मशीन परवडत नसेल तर चार फिल्टरचं खोकं करता येतं. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या नावाने २०२० पासून हा प्रकार अमेरिकेत पसरला. २० बाय २० इंचाचे चार एमईआरव्ही १३ (अमेरिकन मोजपट्टीवर साधारण एफ ७ इतका दर्जा) फिल्टर उभे करून चौकोन करायचा, तळाला पुठ्ठा, वर पंखा. तिथला चौकोनी पंखा आपल्याकडे सहसा मिळत नाही. त्याऐवजी १२ इंची धातूचा एक्झॉस्ट फॅन घ्या, ९०० आरपीएमचा. १४०० चा कानाला सहन होत नाही.

फिल्टर भोसरी किंवा वसईकडचे एसीचे फिल्टर बनवणारे मापाने करून देतात. मागताना 'एमईआरव्ही १३ किंवा एफ ७' असंच सांगा. '१० मायक्रॉन' म्हणून जे स्वस्तात देतात ते धूळ अडवतात, धूर नाही. चौकटीवरचा हवेची दिशा दाखवणारा बाण खोक्याच्या आतल्या बाजूला. सगळे सांधे रुंद चिकटपट्टीने आतून-बाहेरून बंद. वरच्या जाड पुठ्ठ्यात पंख्याच्या कड्याच्या मापाचंच भोक पाडा. भोक मोठं झालं तर पात्यांच्या टोकांपाशी हवा उलटी आत येते आणि निम्मं काम वाया जातं.

एक्झॉस्ट फॅनला पुढे जाळी नसते, ती बसवून घ्या. तीन पिनांची वायर, अर्थिंगसह. पहिल्या दिवशी तासभर चालवून मोटरला हात लावून बघा. हात ठेववत नसेल इतकी तापली तर तो पंखा वापरू नका. देवघरापासून लांब ठेवा, पुठ्ठा आहे.

विकतचं असो की घरचं, क्षमता घरीच मोजता येते. खोली बंद करा, एक उदबत्ती लावून मीटर २००-२५० पर्यंत जाऊ द्या, विझवा, छताचा पंखा दोन मिनिटं फिरवून धूर सारखा पसरू द्या. मग मशीन सुरू करून आकडा निम्मा व्हायला किती मिनिटं लागली ते लिहा. ४१.६ ला त्या मिनिटांनी भागलं की तासाला किती वेळा हवा साफ होते ते मिळतं. ८ मिनिटं लागली तर ५.२ वेळा, म्हणजे तुमच्या खोलीत साधारण १८५ घनमीटर. मशीन बंद ठेवून हाच प्रयोग करा आणि तो आकडा वजा करा. बंद असताना निम्मं व्हायला तास लागला तर २५ वजा, उरले १६०. ही चाचणी सासूबाई खोलीत नसताना, आणि नंतर खिडक्या उघडून खोली मोकळी केल्यावरच त्यांना आत येऊ द्या.

पावसाळ्यात मीटरचा आकडा जपून वाचा. स्वस्त लेझर सेन्सर दमट हवेत फुगलेल्या कणांमुळे जास्त दाखवतो.

गाळणीघर
त्याच चाचणीवरून फिल्टर कधी बदलायचा तेही ठरतं. नवा बसवल्या दिवशी निम्मं व्हायला लागलेली मिनिटं आणि तारीख मार्करने फिल्टरच्या कडेवर लिहा. दर दोन महिन्यांनी, त्याच वेगावर, पुन्हा मोजा. ८ ची १२ मिनिटं झाली की बदला, दिवा लागो न लागो. पावसाळ्यात मशीन बंद करून कोपऱ्यात ठेवणार असाल तर फिल्टर काढून, कोरड्या दिवशी, पिशवीत घट्ट बांधून ठेवा. मशीनमध्ये तसाच राहिला तर ऑक्टोबरात कुबट वास येतो आणि तो जात नाही.

निशिगंध
गीझरवाल्याला उद्या बोलावलंय, बाल्कनीत हलवतोय. खिडकीची पट्टी त्यानंतर. मशीन ३३० सीएडीआरचं बघितलंय, त्याचा मधला वेग किती देतो ते उदबत्तीने मोजून इथे लिहीन.